भिवरेची आनंदीबाई

देवापाशी काही मागू नये, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. बहुधा त्यांचे घर भरलेले असते. आनंदीबाईने मात्र मागितले, आणि मागताना लाज बाळगली नाही. भाकर मागितली नाही; ती तिने आपल्या हाताने थापली. धन मागितले नाही. नगर रस्त्याच्या जमिनींना भाव आला तेव्हा ते आपणहून दारात आले, आणि आले तसे मुलाच्या फ्लॅटात गेले. तिचे मागणे एकच होते. वाघेश्वराच्या पायरीवर डोके टेकून ती वर्षानुवर्षे तेच एक वाक्य बोलत आली: "देवा, माझ्या भिवरेच्या पोटी एक लेक दे."

भिवरा ही तिची घोडी.

वाघोलीच्या वाढत्या वस्तीत आनंदीबाईचे जुने बैठे घर तीन बाजूंनी इमारतींत सापडले आहे. घरामागे दोन गुंठे मोकळे अंगण, त्यात पत्र्याची पागा, आणि पागेत ही तांबूस, ठेंगणी, रुंद छातीची, कपाळावर चिमूटभर पांढरी टिकली असलेली घोडी. भोवतीच्या गॅलऱ्यांतून लोक कपडे वाळत घालताना तिच्याकडे पाहतात. लहान मुले गाजरे टाकतात, मोठी माणसे वासाबद्दल तक्रारी टाकतात. आनंदीबाई दोन्ही गोळा करते. गाजरे घोडीला देते, तक्रारी मुलाला.

"आई, अगं खराडीत माझ्या ऑफिसात एआयवर मीटिंगा चालू आहेत," पृथ्वीराज म्हणायचा, "आणि आपल्या अंगणात अजून मराठेशाही उठलेली नाही."

"नसू दे उठली," ती म्हणायची. "तुझ्या मिटींगीत कुनी खरारा करून घेतंय का?"

या घोडीवर तिचा एवढा जीव का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आनंदीबाईचे माहेर भीमेच्या काठी होते. होते, असेच म्हणावे लागते. कारण उजनीचे धरण भरले आणि ते गाव पाण्याखाली गेले. घर गेले, विहीर गेली, ज्या ओट्यावर तिची हळद दळली तो ओटा गेला. माणसे उठली आणि चार दिशांना पांगली. त्याच्या थोडेच आधी तिचे लग्न झाले. लेकीला परतून यायला उंबरा उरणार नाही, हे वडिलांना दिसत होते. म्हणून आंदण देताना त्यांनी भांडी दिली नाहीत, पलंग दिला नाही. आपल्या दावणीचे भीमथडी जातीचे एक मादी शिंगरू त्यांनी लेकीच्या बैलगाडीमागे बांधले आणि म्हणाले, "बाई, गाव तर चाललं पाण्यात. हिला घिऊन जा. हिची लेक, लेकीची लेक तुझ्या दारात हाय तवर तुझं माहेर कोरडं हाय."

बापाचे बोलणे. मायेने बोलला, बोलून मोकळा झाला. पण लेकीने ते मंत्रासारखे धरले.

तिचा नवरा गेनबा विनोदी माणूस होता. "वरात एकीची काढली, घरात दोघी शिरल्या," असे तो पाहुण्यांना सांगे, "आणि धाकटी जास्त खाते." त्या शिंगराची घोडी झाली. तिला लेक झाली, त्या लेकीला लेक झाली, आणि तिला भिवरा. सगळी बाळंतपणे आनंदीबाईने आपल्या हाताने केली. दूर गेलेल्या नातेवाइकांना ती पत्र पाठवत नसे, फोन करत नसे. पण पागेत नवी शिंगरी उभी राहिली की गूळ घेऊन, एसटी बदलत बदलत, प्रत्येकाच्या दारी जाऊन सांगून येई. ते ऐकणारे म्हातारे काका डोळे पुसत. कारण तेही त्याच पाण्याखाली काहीतरी ठेवून आलेले होते.

भिवरा मात्र फार गुणी निघाली, आणि तिचा गुणच तिला आड आला. ढोल वाजला की ती अशी पाऊल टाकी की नवरदेवापेक्षा लोक तिलाच पाहत. प्रत्येक लग्नसराईत तिला मागणी. गेनबाने एकदा तिला घोड्याकडून भरवून घेतले, तेव्हा नर झाला. तो शिरूरकडे सोयऱ्यांना दिला. पुढच्या वर्षी भरवू, या सराईनंतर भरवू, म्हणता म्हणता घोडीचे वय उतरणीला लागले. गेनबा वारला. तिच्या कुळातल्या बाकीच्या घोड्याही एकेक करून गेल्या. आणि एके सकाळी अंग घासून खरारा करताना आनंदीबाईच्या ध्यानात आले, की त्या बुडालेल्या गावातून निघालेली ती सारी वाट आता या एका म्हाताऱ्या जनावराच्या पोटापाशी येऊन थांबली आहे.

तेव्हापासून तिच्या डोळ्यांना नीट झोप नाही.

घोडी माजावर येई, घोड्याकडे नेली जाई, आणि रिकामी परत येई. मग शनिवार पेठेत राहणाऱ्या डॉक्टर कल्याणीचे नाव कोणीतरी सांगितले. घोड्यांची डॉक्टर, बाईमाणूस, वयाने तिशीची, बोलणे मोजके आणि स्वच्छ. तिने कोपरापर्यंत हात घालून घोडी तपासली, सोनोग्राफीचे यंत्र लावले, आणि हातमोजा काढत म्हणाली, "मावशी, वय झालं की घोडीची मागची बाजू सैल होऊन आत ओढली जाते. मग शेण, धूळ, हवा सगळं आत जातं. हिच्या पिशवीला सूज आहे. आत पाणी साठलंय. त्या पाण्यात गर्भ धरत नाही, आणि धरला तरी टिकत नाही."

"मंग पाणी काढा की."

"काढू. पण मी आपल्याला खोटी आशा देणार नाही."

"खोटी नगं," आनंदीबाई म्हणाली. "खरी थोडीशी द्या."

कल्याणीने पिशवी धुतली, औषधे भरली, सुया टोचल्या. पहिल्या वर्षी घोडी लागलीच नाही. दुसऱ्या वर्षी लागली. सोनोग्राफीच्या काळ्या पडद्यावर एक मण्याएवढा ठिपका दिसला. आनंदीबाईने त्या यंत्राला हात जोडले. दुसऱ्या महिन्यात तो मणी नाहीसा झाला. कुठे रक्त नाही, कुठे खूण नाही. जणू कोणी आले, उंबऱ्यावर उभे राहिले, आणि बोलावले नाही म्हणून परत गेले.

त्या दिवशी शेजारची वेणूबाई ताकाचा तांब्या परत करायला आली होती. ती म्हणाली, "आनंदे, सुनंला नातवाचं इचारना झालीस, अन् घोडीची कूस चाचपत बसलीस. लोकं हसत्यात."

"हसूं दे. लोकांची माहेरं हायेत जाग्यावर."

 वेणूबाईने तांब्या पालथा घातला आणि ती निघून गेली.

तिसऱ्या वर्षी कल्याणीने वेगळा उपाय सांगितला. घोडी भरवून झाली आणि पिशवी पुन्हा धुऊन झाली, की मागची फट वरच्या अर्ध्या भागात शिवून टाकायची. लघवीला खालून वाट ठेवायची. म्हणजे वरची घाण आत शिरणार नाही आणि गर्भ निवांत वाढेल.

"एक गोष्ट मात्र काळजावर लिहून ठेवा, मावशी," ती म्हणाली. "विण्याआधी हे टाके उघडावेच लागतात. न उघडता वेणा आल्या तर शिंगरू दारात अडेल आणि ही फाटेल."

"कवा बोलवू तुमाला?"

"अकरा महिने भरायला पंधरवडा राहिला, की लगेच फोन करा."

अकरा महिने भरायला पंधरवडा. आनंदीबाईने ते शब्द घोळवून घोळवून पाठ केले. चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, शिरूरकडच्या बद्रीनाथ धनगराच्या भीमथडी घोड्याने भिवरा भरवली गेली. मग टाके पडले. आणि या वेळी तो मणी टिकला. महिना गेला, टिकला. दोन महिने गेले, टिकला. त्या मण्याला पाठीचा कणा फुटला, काळजाची उघडझाप दिसू लागली. कल्याणी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे पाहा, धडधडतंय." आनंदीबाईने पाहिले नाही. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. इतके मागितलेले समोर आले, की पाहण्याचे धैर्य होत नाही.

तिने ही गोष्ट वेणूबाईला सांगितली नाही, काकांना सांगितली नाही, गॅलरीतून विचारणाऱ्या बायकांना तर नाहीच. दृष्ट लागते. पृथ्वीराजला कळले, कारण त्याने औषधांच्या बाटल्या पाहिल्या. त्याला तिने देवाची शपथ घातली. रोज पहाटे उठून ती पागेत जाई, घोडीच्या कुशीला कान लावी, आणि आतल्या जिवाशी बोले. काय बोले ते भिवरेला ठाऊक. तिने त्या न जन्मलेल्या लेकीला नावही ठेवून टाकले होते, पण ते मोठ्याने उच्चारले नव्हते.

त्या वर्षी श्रावण दोन आले. आधी अधिक श्रावण, म्हणजे धोंड्याचा महिना, आणि मग निज श्रावण. धोंड्याच्या महिन्यात आनंदीबाईने अनारसे तळले, पुरणाचे धोंडे केले, देवळात दिवे लावले, एक धोंडा भिवरेलाही भरवला. आणि बोटांच्या पेरांवर महिने मोजताना तिने तो महिना ओलांडून पुढच्या पेरावर अंगठा ठेवला. तिच्या माहेरची रीत तशी होती. आई सांगायची, "धोंड्याचा महिना देवाचा. त्यो मानसानं आपल्या हिशोबात वढायचा न्हाई." वय मोजताना तो धरायचा नाही, वर्षाचे सुतक मोजताना धरायचा नाही, गायी-म्हशींचे, घोड्यांचे दिवस मोजतानाही धरायचा नाही. देवाचे ते देवाला. केवढी निर्मळ श्रद्धा! आणि केवढा मोठा खड्डा त्या श्रद्धेखाली, तिला न दिसणारा! कारण पंचांग काहीही म्हणो, पोटातले पोर त्या महिन्यातही वाढत असते. ते देवाच्या महिन्यात विसावा घेत नाही.

यापूर्वी ही रीत कधी चुकली नव्हती काय? चुकली असेल. एखादी घोडी महिनाभर आधी व्याली तर घरात म्हणत, 'लवकर व्याली, गुणाची पोर,' आणि गूळ वाटत. तेव्हा हिशोब चुकला तरी वाट मोकळी होती. आता ती शिवलेली होती.

दिवाळीत कल्याणी येऊन तपासून गेली. सगळे ठीक होते. पुढे फेब्रुवारीत एकदा तिचा फोन आला. "मावशी, दिवस जवळ आले ना? तारीख बघून ठेवली आहे का? मी सध्या बारामतीकडे धावपळीत आहे, पण आपण म्हणाल तेव्हा येते."

"हाय की अवकाश," आनंदीबाई म्हणाली. "मी मोजतीया ना. शिवरात्र झाली, अवस आली, की अकराव्याला पंधरवडा ऱ्हातोय. तवा या."

 कल्याणी म्हणाली, "बरं. आपला अनुभव माझ्यापेक्षा मोठा." तिने आपली नोंद उघडून पाहिली नाही. मोठ्या माणसाच्या शब्दावर टेकणे ही काही वाईट सवय नव्हे. पण ती सवय त्या दिवशी नडली.

महाशिवरात्रीच्या आदल्या दुपारी आनंदीबाई पागेत गेली आणि दारातच थबकली. भिवरेची कास भरली होती. सडांच्या टोकांना मेणासारखे पिवळसर थेंब धरले होते. इतकी बाळंतपणे केलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण तिच्या पेरांवर तर अजून अकरावा अर्धाही झाला नव्हता! मग एकच अर्थ उरत होता, आणि तो तिच्या अंगावर वीज पडावी तसा पडला: घोडी गाभ टाकणार. गेल्या खेपेसारखी. एवढे सारे करून, एवढ्या जवळ येऊन, टाकणार.

तिने फोन हातात घेतला. कल्याणीचे नाव पडद्यावर आणले. आणि खाली ठेवला. डॉक्टरणीला सांगितले, तर ती खरे सांगेल. आणि खरे ऐकण्याची ताकद तिच्यात त्या घडीला नव्हती. मग ती कुठे गेली? जिथे आयुष्यभर गेली तिथे. वाघेश्वरापुढे पदर पसरून ती म्हणाली, "देवा, थोडे दिस आवरून धर. तिला थोडे दिस दे. माझ्यातले घे." गाभारा थंड होता, पिंडीवर पाणी ठिबकत होते. देव रागावला नसेल तिच्यावर. तो आपल्या लेकरांवर रागावत नाही. पण त्याला वाणी असती, तर तो कळवळून म्हणाला असता, अगं, माझ्या पायाशी नंतर ये, आधी तो फोन कर!

शिवरात्रीच्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा ती दुसऱ्यांदा देवळाला जाऊन बेल वाहून परत येत होती. यात्रेची गर्दी रस्त्यावर उतरली होती, पोलिसांच्या शिट्ट्या वाजत होत्या. अंगणात पाऊल टाकताच तिला भिवरेचे कण्हणे ऐकू आले. घोडी घामाने निथळत होती. पुढच्या पायाने जमीन उकरत होती, वळून वळून आपल्या कुशीकडे पाहत होती. मग ती धाडकन आडवी झाली आणि कळ देऊ लागली.

"पृथ्वी! ए पृथ्वी! डाक्तरनीला लाव फोन!"

सणाची सुट्टी म्हणून पृथ्वीराज फ्लॅटावरून आईकडे आला होता. तो पायात चप्पल न घालता पळत आला. फोन लागला. आनंदीबाई रडत ओरडली, "बाई, भिवरा टाकतीया! दहा महिनं झालं नुस्तं, अन् टाकतीया!"

"दहा?" पलीकडून कल्याणीचा आवाज चिरका झाला. "मावशी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भरवली होती. आज मार्चची आठ तारीख. अकरा महिने पुरे झालेत! ती टाकत नाहीये, ती वितेय. टाके... टाके उघडले नाहीत ना अजून?"

आनंदीबाईचा अंगठा आपोआप पेरांवर गेला. चैत्र, वैशाख, जेठ, आखाड... आणि तिथे तो थांबला. धोंडा. तिने न मोजलेला, देवाला सोडून दिलेला, तो एक महिना. 

"मी निघाले आहे," कल्याणी सांगत होती. "पण आज यात्रेचा रस्ता, खराडीपासून गाड्या अडकतील. तोवर वेळ नाही. मावशी, टाके आपल्यालाच उघडायचे आहेत. पृथ्वीराज, कॅमेरा चालू करा आणि मला दाखवा."

पृथ्वीराजने फोन धरला. तो असा हलत होता, की पलीकडे कल्याणीला नुसते पत्रे आणि आभाळ दिसत होते. "स्थिर धरा हो, स्थिर!" ती ओरडली. आनंदीबाईने आयाळ छाटायची कात्री चुलीवरच्या उकळत्या पाण्यात बुडवली, काढली, आणि घोडीमागे गुडघ्यांवर बसली.

तिने शेपटी बाजूला केली. पांढऱ्या पडद्याआड एक इवलासा खूर बाहेरची वाट शोधत होता. तो कातडीला आतून ढुशा देत होता, कातडी ताणून चकाकत होती, आणि वाट बंद होती. जिवाला आत कोंडून ठेवणारी ती शिवण आनंदीबाईनेच घालून घेतली होती, लेकीच्या आशेने.

"मधोमध वण दिसतोय का? रेघेसारखा? त्याच रेघेवरून वर कापत जा. बाजूला जाऊ नका. एक बोट आत ठेवा, म्हणजे शिंगराला लागणार नाही."

"दिसंना बाई. डोळं भरल्यात."

"पुसा आणि बघा, मावशी. तिला दुसरं कोणी नाही."

तिने बाहीने डोळे पुसले. बोट आत घातले. बोटाला तो चिमुकला खूर लागला, गरम, ओला, जिवंत. मग तिने कात्री लावली. पहिला काप घेतला तेव्हा भिवरा किंचाळली, आणि आनंदीबाईही. दुसरा काप. तिसरा. पुढची कळ आली, उरलेली कातडी आपणहून थोडी फाटली, रक्त ओघळले, आणि पुढचे दोन पाय, त्यांवर टेकलेले नाक, मग डोके, असे सारे एकदम पुढे आले. मायलेकांनी ते पाय धरले. कळ आली की ओढायचे, कळ थांबली की थांबायचे. "ये गं बाय, ये गं माझी आय," असे म्हणत, म्हणत, म्हणत तिने त्या जिवाला या जगात ओढून घेतले.

शिंगरू गवतावर पडले. तांबूस अंग, आणि कपाळावर चिमूटभर पांढरी टिकली. मादी होती.

किती वर्षांचे मागणे! किती पायऱ्या, किती नवस, किती पहाटा! ते सारे तिच्यापुढे ओले होऊन पडले होते, आणि ते मान उचलत नव्हते.

आनंदीबाईने नाकातला चिकटा बोटांनी काढला. फडक्याने अंग घासले, छाती चोळली, नाकपुडीत गवताची काडी फिरवली. तेव्हा एक श्वास आला. मग दुसरा. पृथ्वीराज हसला, रडला, "आई, ब्रीदिंग आहे, ब्रीदिंग आहे!" असे ओरडला. गॅलऱ्यांत माणसे जमली होती. वरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. पण आनंदीबाई हसली नाही. निरोगी शिंगरू घडीभरात पायांवर धडपडते, पडते, पुन्हा उठते. ते आईच्या कासेचा वास घेत येते. हे शिंगरू पडून होते. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कोणी आले नव्हते. दारात अडकून राहिलेल्या त्या वेळेची किंमत त्याच्या मेंदूने मोजली होती.

कल्याणी पोचली तेव्हा ऊन तापले होते. गाडी रस्त्यावर सोडून, ऑक्सिजनची नळी खांद्यावर टाकून ती गर्दीतून पळत आली होती. तिने नळी लावली, सुई दिली. आनंदीबाईने भिवरेच्या सडांतून पिवळा, घट्ट चीक पिळला, आणि कल्याणीने तो नाकातून नळीने शिंगराच्या पोटात सोडला. त्याला उभे धरले, पाय लटपटले, पुन्हा निजवले. ब्लँकेट पांघरले. मग पुन्हा चीक, पुन्हा चोळणे, पुन्हा उभे करणे. भिवरा उठली होती; रक्ताळलेली, थकलेली, पण उठली होती. ती आपल्या लेकीला जिभेने चाटत होती आणि घशातून असा मऊ आवाज काढत होती, की जो घोडी फक्त आपल्या शिंगराशीच काढते. दुपारी एकदा त्या आवाजाकडे शिंगराने कान वळवला. नुसता कान. आनंदीबाईने तो कान पाहिला आणि तिला वाटले, आता ही उठेल.

वेणूबाई आली होती. कुंपणाजवळ उभी होती. आज तिने टोमणा मारला नाही. तिने उपवासाची खिचडी आणली होती; ती कोणी खाल्ली नाही.

देवळातून सांजेच्या आरतीचा घंटानाद ऐकू आला, तेव्हा शिंगराचा श्वास थांबला. कल्याणीने छातीवर दाब दिला, पुन्हा दिला. मग तिने आपले हात उचलून घेतले.

 कल्याणी म्हणाली, खाली मान घालून, "मावशी, तारीख माझ्याकडे होती. मी उघडून पाहायला हवी होती. आपण म्हणालात, म्हणून मी..."

"न्हाई गं," आनंदीबाई म्हणाली. पहिल्यांदाच तिने डॉक्टरणीला अगं-तुगं केले. "मी म्हनले, म्हनून तू ऐकलंस. मी आईचं ऐकलं. आईनं तिच्या आईचं ऐकलं असंल. कुनाकुनाला बोल लावायचा?"

पृथ्वीराजने मेलेले शिंगरू उचलायला हात पुढे केला. तिने त्याला थांबवले. "र्‍हाऊ दे तिच्यापाशी. ती सोडंल तवा सोडंल." भिवरा हुंगत राहिली, नाकाने ढकलत राहिली, उठ म्हणत राहिली. मग हळूहळू ढकलणे कमी झाले. पुढे ती शिंगरावर मान टाकून नुसती उभी राहिली. आणि उजाडायच्या सुमारास तिने मान वर केली, आणि ती दोन पावले बाजूला सरकली. तेव्हा मायलेकांनी अंगणाच्या कडेला खड्डा खणला. माती लोटताना आनंदीबाईचे ओठ एकदा हलले, पण शब्द बाहेर आला नाही. ते नाव काय होते, ते आजवर कोणाला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी कल्याणी जखम पाहायला आली. काप वणाच्या रेघेवरून नीट गेला होता. फाटले होते तेवढे थोडे होते. ती म्हणाली, "मावशी, आपला हात देवासारखा चालला. घोडीला धोका नाही. आत्ता बोलणं बरं नव्हे, पण विचारून ठेवते. सूज उतरली, पिशवी पुन्हा स्वच्छ झाली, तर पुढच्या वर्षी एक प्रयत्न..."

पृथ्वीराजने आईकडे पाहिले. ती नाही म्हणेल, असे त्याला वाटले नाही. इतकी वर्षे ती कधी नाही म्हणाली नव्हती.

आनंदीबाई घोडीच्या मानेला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांपुढे काय चालले होते, कोण सांगू शकेल? आजवर तिने भिवरेच्या कुशीकडे पाहिले होते, सडांकडे पाहिले होते, यंत्राच्या पडद्याकडे पाहिले होते. भिवरेच्या तोंडाकडे तिने किती दिवसांत पाहिले नव्हते! डोळ्यांवरच्या खळग्या खोल गेल्या होत्या. ओठ लोंबला होता. कानांच्या कडा पिकल्या होत्या. ज्या घोडीने इतक्या नवरदेवांना मांडवात पोचवले, आणि मग आपले म्हातारपण एका बाईच्या मागण्यासाठी सुया, नळ्या, टाके यांत उभे राहून सोसले, ती ही. एकदाही जिने लाथ उचलली नाही, ती ही.

"न्हाई," आनंदीबाई म्हणाली. "आता तिच्याकडं काय मागायचं न्हाई."

"बरं," कल्याणी म्हणाली आणि पेटी मिटू लागली.

"मिटू नको. टाके घाल."

"आता कशाला, मावशी? भरवायची नाही तर..."

"उघडं ऱ्हायलं तर आत घान जानार, सूज येनार, तिला दुखनार. तूच सांगितलं हुतंस ना? मंग घाल टाके. लेकीसाठी न्हाई. तिच्यासाठी घाल. तिला सुखानं म्हातारी होऊ दे."

 कल्याणीने पेटी उघडली, बधिर करायची सुई भरली, दोरा ओवला. पृथ्वीराजने न सांगता बादलीत गरम पाणी आणून ठेवले आणि शेपटी धरली.

आनंदीबाई पुढे गेली. घोडीचे भले मोठे डोके तिने दोन्ही हातांनी आपल्या खांद्यावर घेतले. पहिला टाका पडताना भिवरा शहारली आणि तिने आपला सगळा भार त्या खांद्यावर टाकला. म्हातारीचे गुडघे वाकले. पण ती हलली नाही.